नावात रबी, मैदानात रग्बी

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर लिहिलंय की, देशसेवा करून परतलेल्या एका सुभेदारांनी ग्रामीण युवकांना व्यसनांपासून दूर ठेवण्याच्या उदात्त हेतूनं रग्बीचं रोपटं या मातीत लावलं. हे वाक्य मी लिहिलंय. माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात टाइप केलंय, मीच छापलंय, आणि ते साफ खोटं आहे. उदात्त हेतू कुणाचाच नव्हता. सुभेदारांच्या बायकोनं त्यांना घराबाहेर काढलं, तिथून आमचा इतिहास सुरू होतो.

आमचं गाव कडेगावपासून चार-पाच किलोमीटरवर. शिवारात ऊस आणि दर दोन घरांआड एक फौजी. सुट्टीवर आलेल्या फौजीचे गावात फार लाड होतात, कारण तो परत जाणार असतो. रिटायर झालेला जाणार नसतो, हे घरच्यांच्या लक्षात यायला साधारण आठवडा लागतो. सुभेदार अठ्ठावीस वर्षांची नोकरी करून आले तेव्हा पहिल्या आठवड्यात काकूंनी रोज कांदाभजी तळली. दुसऱ्या आठवड्यात सुभेदारांनी स्वयंपाकघराची तपासणी घेतली. डबे उंचीप्रमाणे लावायला सांगितले, फोडणीला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघितलं, आणि म्हशीला रोज एकाच वेळी पाणी पाजायचा हुकूम काढला. म्हशीनं मानला नाही. काकूंनी तिसऱ्या आठवड्यापर्यंत मानला, मग एका दुपारी सुभेदारांची पत्र्याची ट्रंक उघडली, आतला एक चामड्याचा लांबट चेंडू त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो जो काय हाय त्यो घेऊन भाईर जावा. दिवस बुडाल्याबिगर माघारी यायचं न्हाई."

हे मला खुद्द काकूंनीच सांगितलं. स्मरणिकेत घालू का विचारलं, तर म्हणाल्या, "घाल की, मी काय भिते व्हय?" पण माझीच छाती झाली नाही.

त्या संध्याकाळी मी गायरानावर होतो, कारण डॉक्टरनी मला चालायला सांगितलं होतं. वय चौतीस, रक्तात साखर, आणि धंदा दिवसभर स्टुलावर बसून सात-बाराचे उतारे छापायचा. गायरानावर संध्याकाळी दोन प्रकारची माणसं असायची. एक, पोलीसभरतीसाठी पळणारे तरणे गडी, आणि दुसरी, माझ्यासारखी, त्यांच्याकडं बघत चालणारी. शिवाय एक पैलवान होता. त्याचं कुस्तीतलं नाव संपत आलं होतं, फुटके कान मात्र पुराव्याला शिल्लक होते. तो लिंबाखाली बसून पळणाऱ्यांच्या चुका काढायचा.

सुभेदार चेंडू घेऊन आले तेव्हा पहिला तोच बोलला. "सुभेदार, चेंडू दबलाय. कोण बसलं काय ह्याच्यावर?"

"ह्यो असाच असतो," सुभेदार म्हणाले. "रग्बीचा हाय." मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "वजन?"

"एकशे सहा," मी ओशाळून सांगितलं.

"शाबास."

वजनासाठी मला शाबासकी मिळाल्याचा आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. त्या एका शब्दावर मी पुढची सहा वर्षं खेळलो.

पहिल्या दिवशी सुभेदारांनी खेळ समजावून सांगितला. चेंडू हातात घेऊन पुढं पळायचं. समोरचा अडवणार. अडवला की चेंडू सोबत्याला द्यायचा, पण फक्त मागं. पुढं फेकला की चूक.

पैलवानानं बराच विचार केला. "म्हंजी पुढं पळायचं आन चेंडू मागं द्यायचा?"

"बरोबर."

"मग पुढं कशाला पळायचं?"

"हुकूम हाय," सुभेदार म्हणाले. पुढं पुण्यात एका शिबिरात मोठ्या कोचला मी हाच प्रश्न विचारला, तर त्यानं पाऊण तास फळ्यावर बाण काढले. सुभेदारांचं उत्तर जास्त सोपं होतं.

तीन आठवडे आम्ही खेळलोच नाही, दगड वेचले. गायरानातले दगड आज वेचले की उद्या नवे वर येतात. गोलपोस्ट उभे करायला गावच्या मांडववाल्याकडनं लांब वासे आणले. त्यानं दिले आनंदानं, पण लग्नसराई लागली की परत न्यायचा. त्यामुळं वैशाखात आमचे गोलपोस्ट लग्नाला जायचे आणि आम्ही नुसत्या फक्कीच्या रेघांवर खेळायचो. एकदा भरतीवाल्या एका गड्याच्या बहिणीचं लग्न होतं, तर तो मांडवाच्या खांबाला टेकून म्हणाला, "ह्यो आपला डाव्या बाजूचा."

मंडळाची नोंदणी करायचं ठरलं तेव्हा अर्ज टाइप करायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. दुकानात गर्दी होती, पीकविम्याचे दिवस होते. मी 'रग्बी' टाइप करायला गेलो, कॉम्प्युटरनं 'रबी' सुचवलं आणि मी बटण दाबलं. प्रमाणपत्र आलं ते 'रबी क्रीडा मंडळ' या नावाचं. दुरुस्तीला पुन्हा सगळ्यांच्या सह्या घ्याव्या लागणार होत्या, आणि त्यांतला एक जण तोपर्यंत भरती होऊन नाशिकला गेला होता. म्हणून तेच राहिलं. पहिल्या वर्षी आम्हांला रग्बीच्या एकाही स्पर्धेचं निमंत्रण आलं नाही. शाळू पेरणीच्या प्रात्यक्षिकाची मात्र दोन आली. एकाला पैलवान जाऊन आला. नाष्टा चांगला होता म्हणाला.

आमच्यात खरा पळणारा एकच होता, त्याला सगळे शेठ म्हणायचे. बाजारपेठेत त्याचं खत-बियाण्याचं दुकान. जैनाघरचा, अंगानं काडी, पण पळायला लागला की मागं फक्त धूळ दिसायची. अडचण एकच. दिवस बुडायच्या आत त्याला घरी जेवायला बसायचं असे. त्याची आई गच्चीवर उभी राहून सूर्याकडं बघायची आणि मग गायरानाकडं. तिनं पदर कमरेला खोचला की शेठ चेंडू टाकून जो सुटायचा, तो थेट ताटावर. त्याचा सगळ्यात जोराचा पळ आम्ही कायम घराच्या दिशेनंच बघितला. आता आमचे शेवटचे धडे कायम दिवेलागणीला होत असल्यानं शेठचे काही धडे बुडत होते, हे आमच्या ध्यानात आलं नाही. ते आलं वाईला.

वाईत काही गड्यांनी आमच्यासारखंच मंडळ काढलंय असं मोबाईलवर कळलं. सात-सात जणांचा सामना ठरला. क्रूझर गाडीनं कराड, सातारा करत आम्ही वाईला पोचलो. मैदानाभोवती बघायला बरीच माणसं जमलेली. देवळाकडनं आलेले एक गुरुजीही सोवळं सांभाळत उभे होते. पंच कुणालाच व्हायचं नव्हतं, कारण नियम कुणालाच येत नव्हते. शेवटी वाईवाल्यांनीच सुभेदारांना पंच केलं. फौजी माणूस आहे, अन्याय करणार नाही, असं त्यांना वाटलं. आम्हांला वाटलं, चला, पंच आपला.

दोघांचाही अंदाज चुकला. सुभेदारांनी अन्याय केला, पण तो आमच्यावर. पैलवान समोरच्याला पाडायचा ते बरोबर पाडायचा, पण मग त्याची पाठ जमिनीला टेकवून वर तसाच बसून राहायचा, टाळ्यांची वाट बघत. सुभेदार शिट्टी वाजवायचे. "पाडलं की सोडायचं."

"आवं पण चीत झालाय की त्यो."

"सोड."

तीनदा असं झाल्यावर त्यांनी पैलवानाला दोन मिनिटं बाहेर बसवलं. मी झुंजीत, म्हणजे ज्याला स्क्रम म्हणतात त्यात, मधोमध होतो. माझं एकशे सहा किलो तिथं खरोखर कामाला आलं. वाईचे तीन जण एका वेळी मागं सरकले. त्यातून चेंडू सुटला, भरतीवाल्या एका गड्यानं उचलला आणि शेठकडं दिला. मागं दिला, अगदी नियमानं.

शेठ सुटला. वाईच्या एकालाही तो सापडला नाही. समोर शेवटची रेघ. रेघेपलीकडं जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा असतो, त्याशिवाय गुण नाही, त्याला ट्राय म्हणतात. शेठनं रेघ ओलांडली. आम्ही उड्या मारायला लागलो. शेठ पळतच होता. गोलपोस्टच्या मागनं गेला, माणसांतनं गेला, गुरुजी सोवळ्यासकट बाजूला झाले, आणि शेठ मैदानाबाहेरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या क्रूझरपाशी जाऊन थांबला. चेंडू काखेत. चेहऱ्यावर समाधान.

"टेकवायचा असतोय रं," मी ओरडलो.

"कशाला?" शेठनं लांबनंच विचारलं.

चेंडू टेकवायचा धडा झाला त्या संध्याकाळी तो जेवायला गेला होता.

सुभेदारांनी गुण दिला नाही. देता येतच नव्हता. आम्ही तेवढ्यावरच हरलो. सामना सगळा मिळून पंधरा-सोळा मिनिटांचा झाला. भेळ घेऊन बसलेले लोक म्हणाले, "संपलं? एवढ्यासाठी बोलावलं होतं होय?"

परत येताना सातारा मागं पडल्यावर पैलवान म्हणाला, "सुभेदार, एक इचारू? तुमी कुणाकडनं होता?"

"नियमाकडनं."

"मग नियमाच्या गाडीतनं जायचं. आमच्या कशाला बसलाय?"

सुभेदार खिडकीकडं तोंड करून बसले. कराडला चहाला उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी गायरानावर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. पैलवानाला वाईट वाटत होतं, पण तो पैलवान होता, त्याला माफी मागायचा डाव माहीत नव्हता. असे तीन आठवडे गेले. आम्ही मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ बघून सराव करत राहिलो आणि एकमेकांची नाकं फोडत राहिलो.

मग दिवाळीनंतर माझ्या दुकानात एक उंच, पिकल्या मिशीचे गृहस्थ आले. हयातीच्या दाखल्याला लागणाऱ्या कागदांच्या प्रती काढायच्या होत्या. आटपाडीचे निवृत्त हवालदार, लेक आमच्याकडं दिलेली. मी मशिनवर कागद ठेवला तोवर त्यांचं लक्ष भिंतीवरच्या आमच्या मंडळाच्या फोटोकडं गेलं. मधोमध सुभेदार, हातात चेंडू.

"ह्यो इथं रग्बी शिकवतोय?" त्यांनी विचारलं आणि हसायला लागले. हसण्यात वाईटपणा नव्हता, पण थांबतही नव्हते. "आमी एकाच पलटणीत होतो गड्या. दोन वर्षं हा टीममध्ये होता. पण एकबी मॅच खेळला न्हाई."

"म्हंजी?"

"राखीव. ज्याच्या जागी ह्यानं जायचं, त्यो एक पंजाबी गडी होता. त्यो कवा पडलाच न्हाई. ह्यो रोज ड्रेस घालून बसायचा. नियमाचं पुस्तक मात्र तोंडपाठ. अंपायरपरीस ह्यालाच जास्त ठाऊक."

मी हे फक्त पैलवानाला सांगितलं. म्हणजे तासाभरात सगळ्या मंडळाला कळलं. लिंबाखाली बैठक बसली. भरतीवाले चिडले होते. "आपुण स्वतः कवा उतरला न्हाई, आन आमाला शिव्या घालतोय," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, नवा कोच बघू. पैलवान गवत उपटत बसला होता. आखाड्याच्या काठावर बसून राहणं म्हणजे काय, हे आमच्यात त्यालाच जास्त कळत असावं.

शेठची निघायची वेळ झाली होती. तो उठता उठता म्हणाला, "आपल्याला तर राखीव म्हणूनबी कुणी घेतलं नव्हतं कुठं. पोलिसांनी न्हाई, फौजेनं न्हाई. त्यांनीच घेतलं की." आणि पळाला, कारण आईनं पदर खोचला होता.

त्यानंतर कुणी नव्या कोचचं नाव काढलं नाही.

हवालदारांना मी फोन केला. त्यांच्या भागात मेंढरांमागं पळून पळून पाय तयार झालेले पाच-सहा गडी होते, दोघं निवृत्त फौजी होते. "पंधरा दिवस द्या, टीम उभी करतो," ते म्हणाले. सामना आटपाडीला ठरला. मग मी आणि पैलवान सुभेदारांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं.

"न्यायला आलायसा?" त्या म्हणाल्या. "लई उपकार हुतील. काल त्यांनी माझ्या साड्यांची यादी केली."

सुभेदार ओसरीवर जुना पेपर वाचत होते. पैलवान खांबाला टेकून उभा राहिला आणि आपल्या फुटक्या कानाला हात लावत राहिला. बोलायचं माझ्यावर आलं.

"आटपाडीला मॅच ठरलीया," मी म्हटलं. "एक गडी कमी हाय."

"कोण पडलं?"

"कोण न्हाई. तुमची जागा ठेवलीया."

त्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग पैलवानाकडं. "कुणी सांगितलं?"

"आटपाडीचे हवालदार आलते दुकानात."

आत काकूंचं भांड्यांचं आवरणं थांबलं. मग सुभेदार म्हणाले, "दोन वर्षांत माझी जर्सी एकदाबी धुवावी लागली न्हाई. बाकीचे संध्याकाळी चिखल धूत बसायचे. मला काय काम नसायचं. मीबी उगीच भिजवून वाळत घालायचो."

काकू दारात आल्या. इतक्या वर्षांत त्यांनाही हे ठाऊक नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्या काही लागट बोलतील असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "खेळा जावा. गुडघ्याला काय झालं तर मी शेकीन."

पैलवानाला अखेर तोंड फुटलं. "गाडीत त्या दिवशी मी जे बोललो..."

"नियम तुला अजून येत न्हाई," सुभेदार म्हणाले. "पाडलं की सोडायचं. उद्या ये, शिकवतो."

माफी मागून झाली, देऊन झाली.

आटपाडीचं मैदान म्हणजे भाजलेली वीट. पडलं की कातडं तिथंच राहायचं. पंच होते तिथल्या शाळेचे क्रीडाशिक्षक. त्यांनी नियम एका चिठ्ठीवर लिहून आणले होते आणि प्रत्येक शिट्टीनंतर ते चिठ्ठी बघायचे. सुभेदार सवयीनं काठावर राखीव बसले, आणि पहिल्या डावात आम्ही मागं पडलो. मेंढरं वळणारे गडी कुठनंही कसेही वळायचे, मी वळेपर्यंत ते पोचलेले असायचे. दुसऱ्या डावाच्या मध्यावर मी हात वर केला आणि बाहेर आलो. खरंच दमलो होतो, त्यात त्याग वगैरे काही नव्हता.

सुभेदार उतरले. वय त्रेपन्न. चड्डीखाली पांढरेफटक पाय. हवालदार माझ्या शेजारी उभे होते, ते हसत नव्हते.

दोन मिनिटं सुभेदारांकडं चेंडू आलाच नाही. ते बरोबर जागेवर उभे राहायचे, हातानं बाकीच्यांना जागा दाखवायचे, पुस्तकातल्या चित्रासारखे. मग शेठनं डावीकडनं मुसंडी मारली, अडला, आणि चेंडू मागं दिला. तो सुभेदारांच्या छातीवर येऊन आदळला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि क्षणभर तसेच उभे राहिले, जणू कुणाचं तरी टपाल आपल्या पत्त्यावर आलंय. आम्ही काठावरून ओरडलो, "पळा." ते पळाले. दहा-बारा पावलं पळाले असतील. मग आटपाडीचे दोन गडी बाजूनं आले आणि सुभेदार दिसेनासे झाले.

मैदानात धूळच धूळ. पंच चिठ्ठी शोधत होते. मी आणि हवालदार आत पळालो. सुभेदार उताणे पडले होते, कोपर सोललेलं, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, तोंडात माती. मी वाकलो. "लागलं काय?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाजूला सर. खेळ थांबलेला न्हाई."

आणि खरंच थांबला नव्हता. त्यांनी पडता पडता चेंडू मागं सोडला होता, पैलवानानं तो उचलला होता आणि तो रेघेकडं निघाला होता. पैलवानाला पळताना बघणं हे काही सुंदर दृश्य नव्हे, पण त्याला अडवायला कुणी तयार होईना. त्यानं चेंडू टेकवला. टेकवला म्हणजे जमिनीत गाडला, आणि वर झोपला, कुणी म्हणू नये की टेकला नाही.

सामना आम्ही तरीही हरलो. पण आमचा पहिला ट्राय तो. हवालदारांनी सगळ्यांना घरी नेऊन बाजरीची भाकरी आणि हुलग्याच्या माडग्याचं जेवण दिलं. शेठसाठी ताट दिवस असतानाच वाढलं होतं. सुभेदार एका बाजूनं चावत होते आणि आटपाडीच्या त्या दोन गड्यांना समजावत होते की त्यांनी खांद्याच्या वर पकडलं, हा दंडाचा गुन्हा आहे. ते गडी मान हलवत होते आणि त्यांना आणखी भाकरी वाढत होते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा गुडघा गेला, साखर मात्र आहे तिथंच आहे. पैलवान पाडून सोडायला शिकला. शेठचं लग्न झालं आणि आता त्याची बायको गच्चीवर उभी राहते. पोरांपेक्षा पोरीच जास्त येतात गायरानावर, आणि त्या आमच्यासारख्या नाहीत. आधी सगळं मोबाईलवर बघून येतात. परवा सुभेदारांनी एकीची चूक काढली, तर ती म्हणाली, "आजोबा, तो नियम बदलला."

"कवा?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

सुभेदारांचा चेहरा पडला. आयुष्यात त्यांना एकच पुस्तक पाठ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझं दुकान उघडायच्या आधीच दारात उभे होते. मी नवे नियम शोधून छापून दिले, शंभरावर पानं झाली, सगळी इंग्रजीत. आता दर रविवारी आम्ही दोघं दुकानात बसून ती वाचतो. मी अर्थ लावतो, ते माझ्या अर्थावर शंका घेतात, मग शेठला फोन लावतो, त्यालाही येत नाही. एक पान पाठ झाल्याशिवाय पुढचं उलटायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे. सध्या आम्ही सहाव्या पानावर आहोत.